तुझा हेतू काय आहे?

मागच्या वर्षी गणपती जाऊन दोन दिवस झाले असतील नसतील, घरच्या ग्रुपवर आत्याचा मेसेज पडला, "यंदा अण्णांचा पक्ष कोण घालतंय?" अण्णा म्हणजे माझे आजोबा. दर भाद्रपदात गावच्या घरी त्यांचा पक्ष, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, असतो, भरड्याचे वडे, तांदळाची खीर, कढी, आमसुलाची चटणी, आणि मग पान ठेवून कावळ्याची वाट बघत सगळ्यांनी उपाशीपोटी अंगणात ताटकळायचं. मी आपलं लिहिलं की यंदा जरा साधं करू या का, घरच्या घरी पान वाढू आणि जो काही खर्च होतो तो अण्णा ज्या शाळेत शिकवायचे तिथल्या वाचनालयाला देऊ. नुसतं लिहिलं नाही, दोन कारणं पण दिली. एक म्हणजे अण्णांना स्वतःला या सगळ्याचं फारसं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे आत्या आता सत्तरीला आली तरी वडे तळायला तीच उभी राहते.

थोड्या वेळाने दादाचा मेसेज. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. एकच ओळ.

"तुझा हेतू काय आहे ते सगळ्यांना कळतंय."

आता याच्या मागे गावच्या घराची वाटणी आहे, ती काही इथे सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी वाटणी झालेली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरी व्हायची आहे त्यांना आत्ताच कशाला घाबरवा. राग आला, रडू पण आलं थोडं. पण त्या सगळ्याच्या खाली एक वेगळीच टोचणी होती आणि ती त्या हेतू शब्दाची होती. कारण मी दोन हेतू दिले होते की! व्यवस्थित, क्रमाने, आणि त्याच्यावर मला विचारलं जातंय की तुझा हेतू काय.

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. लॉकडाऊनमधे एका निवृत्त संस्कृतच्या सरांनी शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग सुरू केला होता, आम्ही आठ-नऊ जण होतो, सगळे चाळिशीच्या पुढचे, घरात बसून कंटाळलेले. पुस्तक होतं तर्कसंग्रह. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचं हे छोटंसं पुस्तक, न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, शिरायचं दार म्हणून आजही हेच लावतात, आणि सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की 'बालानां सुखबोधाय', म्हणजे पोरांना सहज कळावं म्हणून लिहितोय. आमच्यातल्या एका काकांनी तिसऱ्या शनिवारी विचारलं, "सर, बाल म्हणजे नक्की किती वर्षांपर्यंत?" आम्ही तिथेच अडकलो होतो, अनुमानाच्या आधी.

मग अनुमान आलं आणि मला एकदम मजा यायला लागली. उदाहरण जगप्रसिद्ध आहे, पर्वतो वह्निमान्, डोंगरावर आग आहे. का म्हणून? धूर आहे म्हणून. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. हा डोंगर पण तसलाच धूरवाला. म्हणून त्याच्यावर आग आहे. झालं, पाच वाक्यं. पहिल्याला प्रतिज्ञा म्हणायचं, दुसरं हेतू, तिसरं उदाहरण, मग उपनय आणि निगमन. वाचायला इतकं बाळबोध वाटतं की यात काय एवढं असं होतं, पण सर एकेका शब्दावर आम्हाला पंधरा-पंधरा मिनिटं उभं करायचे आणि त्यात मला हळूहळू दिसायला लागलं की हे सगळे शब्द मी दिवसभर वापरते आणि त्यातला एकही मी या अर्थाने वापरत नाही.

हेतू म्हणजे इथे धूर. बास. हेतू कुणाच्या पोटात नसतो, मनात नसतो, डोंगरावर असतो, सगळ्यांना दिसतो, आणि दिसत नसेल तर बोट करून दाखवता येतो. बोलणारा माणूस चांगला आहे का लबाड आहे, त्याची त्या डोंगरावर जमीन आहे का, याने धुराला काही फरक पडत नाही. मराठीतला हेतू मात्र पोटात शिरून बसलाय. कुणी काही मुद्दा मांडला की आपण डोंगराकडे बघतच नाही, सरळ त्या माणसाचं पोट चाचपतो, की हा हे आत्ताच का बोलला, याला कुणी बोलायला लावलं.

आणि पक्ष म्हणजे काय, तर डोंगर! ज्याच्याबद्दल अजून ठरायचंय तो. संदिग्धसाध्यवान् पक्षः अशी व्याख्याच आहे, जिथे ती गोष्ट आहे की नाही याची अजून शंका आहे ते ठिकाण म्हणजे पक्ष. आपल्याकडे पक्ष म्हणजे नेमकं उलटं, ज्याच्याबद्दल आपलं आधीच ठरलेलं असतं तो, मग पुढे कितीही धूर निघो. आत्याने विचारलेला पक्ष आणखी तिसराच, पंधरवड्यातला. पक्ष कोण घालतंय, कुणाच्या पक्षात कोण आहे आणि पक्षावर अजून शंका आहे का, हे तिन्ही त्या दिवशी एकाच ग्रुपवर एकाच वेळी चालू होतं आणि ते फक्त मला एकटीला दिसत होतं, त्यामुळे रडता रडता हसू पण येत होतं.

मी भाषांतराचं काम करते, कोर्टातली कागदपत्रं. दावे, कैफियती, जबाब, पंचनामे, जुनी खरेदीखतं. इंग्रजीतून मराठीत थोडं, मराठीतून इंग्रजीत बरंच. त्यामुळे शब्दाची सवय आहे आणि शब्दाचा संशय पण आहे. पण वर्गानंतर झालं असं की रोजच्या कागदांमधे मला ही सगळी मंडळी वेष पालटून बसलेली दिसायला लागली. प्रतिज्ञापत्र घ्या. न्यायशास्त्रात प्रतिज्ञा म्हणजे जे अजून सिद्ध व्हायचंय ते वाक्य, सगळ्यात कच्चं, त्याच्यामागून हेतू आला नाही तर त्याला कुणी विचारत नाही. आणि प्रतिज्ञापत्र म्हणजे जे मी शपथेवर सांगितलं म्हणून खरं धरायचं ते. शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या पानांवर जी प्रतिज्ञा असते तिच्यात सारे भारतीय माझे बांधव आहेत असं आपण हात पुढे करून रोज म्हटलं, पण पुढचं वाक्य 'कारण' असं कधी आलं नाही. यायला पाहिजे होतं असं मी म्हणत नाही, शपथेला कारण जोडलं की ती शपथ राहत नाही. मी एवढंच म्हणतेय की एकाच शब्दाची एक बाजू म्हणते विचारा आणि दुसरी म्हणते विचारू नका.

छल तसाच. चारशे अठ्ठ्याण्णव-अ च्या फिर्यादी मी किती केल्या असतील याची गणती नाही, 'शारीरिक व मानसिक छळ' ही चार शब्दांची ओळ माझ्या बोटांना पाठ आहे. न्यायसूत्रात, म्हणजे या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, छल म्हणजे शब्दाचा वाकडा अर्थ लावून समोरच्याला पाडणे. त्याचं उदाहरण भाष्यकाराने दिलंय ते मराठीत जसंच्या तसं चालतं. कुणीतरी म्हणतं हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. त्यावर दुसरा म्हणतो, नव? कुठे आहेत नऊ, मला तर एकच दिसतेय! दीड हजार वर्षांपूर्वीचा हा पीजे आहे आणि आजही टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चेत निम्मा वेळ हाच चालतो. पण खरं सांगू का, फिर्यादी टाइप करताना मला वाटतं की हे दोन अर्थ फार लांब नाहीत. सासरच्या छळाची सुरुवात बऱ्याचदा शब्दाच्या छलानेच झालेली असते. बाई काहीतरी एक बोललेली असते आणि ते फिरवून फिरवून तिलाच ऐकवलेलं असतं, माहेरचं नाव काढलं की 'मग जा ना तिकडेच'.

व्यभिचाराचा किस्सा तर आमच्या वर्गात गाजला. सरांनी शांतपणे सांगितलं की हेतू व्यभिचारी असून चालत नाही. स्क्रीनवर आठ चेहरे गप्प. मग कळलं की साध्य म्हणजे जे सिद्ध करायचंय ते, आणि हेतू जिथे साध्य नाही तिथेही सापडायला लागला, म्हणजे त्याचं एका ठिकाणी मन नाही, की त्याला व्यभिचार म्हणतात. आग आहे म्हणून धूर असणारच असं उलटं म्हणाल तर फसाल, कारण लोहाराकडचा लालबुंद लोखंडाचा गोळा आहे, आग आहे, धूर कुठाय? धूर यायला सरपण ओलं लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, गुपचूप मधे घुसलेली अट. मला लगेच आजीची चूल आठवली, पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी, डोळ्यातून घळाघळा पाणी आणि तिचं ते ठरलेलं वाक्य, "ही एक उपाध आहे नुसती!" आजीला न्यायशास्त्र माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण उपाधीचं शास्त्रातलं उदाहरण ओलं सरपण आणि आजीची उपाध पण ओलं सरपण, यावर मी दोन दिवस खूश होते.

आप्त या शब्दावर मात्र मी खूश नाही. ज्ञानाची चार प्रमाणं, म्हणजे खरं कळायची साधनं, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणाचाही नाही, आप्ताचा. आणि आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याला इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखीच लागू. म्हणजे जात-कूळ-देश काही नाही, माहिती आहे का आणि खरं बोलतोयस का, दोनच प्रश्न. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट. लग्नपत्रिकेतले. आता बघा, कोविडमधे आमच्या ग्रुपवर काढ्याचे जे काही मेसेज आले ते सगळे आप्तांनीच पाठवले होते, आणि ते खरे का वाटले तर आप्तांनी पाठवले म्हणून. आत्याला मी म्हटलं, "अगं पण हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "आपल्या नंदूने पाठवलंय, तो कशाला खोटं बोलेल?" नंदू खोटं बोलत नव्हताच. व्याख्येतली दुसरी अट तो अगदी पूर्ण करत होता. पहिलीचं काय हे विचारायची मराठीत सोयच राहिली नाही, विचारलं की ते नंदूवर संशय घेतल्यासारखं होतं. आणि संशय हा पण आपल्याकडे घ्यायचाच असतो, बायकोवर, नोकरावर, शेजाऱ्यावर. न्यायसूत्रात संशय हे विचाराचं पहिलं पाऊल आहे, तो आल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही.

असं सगळं जमवत जमवत मी एक मोठा सिद्धांत बांधला होता. की आपल्या भाषेने एका अख्ख्या शास्त्राचे शब्द ठेवले आणि त्यातला प्रश्न काढून घेतला. वाद म्हणजे दोघांनी मिळून खरं शोधणं होतं, आपण त्याचं भांडण केलं. दृष्टांत म्हणजे शहाणा आणि साधा माणूस दोघांनाही एकसारखं पटतं असं उदाहरण होतं, जसं ते स्वयंपाकघर, आपण त्याचं स्वप्नात देवीने येऊन सांगणं केलं. भाषाच अशी झाली तर विचार कसा होणार, वगैरे. सरांना मी हे मोठ्या उत्साहाने लिहून पाठवलं, चार पानं. त्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, छान आहे. पण तुमचा हेतू असिद्ध आहे."

म्हणजे डोंगरावर धूरच नाही. कारण काय, तर हे शब्द शास्त्राने जन्माला घातले आणि लोकांनी बिघडवले असं घडलेलंच नाही. पक्ष म्हणजे आधी पंख, बाजू. प्रतिज्ञा भीष्मानेही केली होती आणि ती काही अनुमानाची नव्हती. व्यभिचार आधी माणसांचा, मग हेतूचा. नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, चालते बोलते शब्द बाजारातून उचलले, घासूनपुसून त्यांना एकेक धार लावली आणि आपल्या कामाला घेतले. बाजारातले बाजारात राहिलेच. "तुम्ही म्हणताय लोकांनी धार घालवली. ती लोकांच्या हातात दिली कुणी होती?" असं सर म्हणाले आणि थोडा वेळ गप्प राहिले. ते स्वतः ज्या समाजातून आले तिथल्या कुणाला शंभर वर्षांपूर्वी न्यायाच्या पाठशाळेत बसता आलं नसतं. मलाही नसतं, बाई म्हणून.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लाज वाटली. मी 'आपण घालवलं' म्हणत होते त्यातलं 'आपण' कोण? ज्यांच्याकडे ते होतं ते फार थोडे, आणि त्यांनीही ते पाटीवर 'प्रवेश बंद' लिहूनच वापरलं. सगळ्यांच्या बोलण्यात शब्द गेले, नियम गेले नाहीत, कारण शब्द कुंपण ओलांडून जातात आणि नियम शिकवावे लागतात.

मग सरांनीच बहिणाबाईंचं सांगितलं. खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई नव्हेत, तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या, पुढे शिऊरला राहिलेल्या. ब्राह्मणाच्या घरची पोर, लहानपणीच वयाने खूप मोठ्या बिजवराशी लग्न, नवरा वैदिक आणि तापट, मारायचा. हिला स्वप्नात तुकोबांनी दर्शन दिलं आणि मंत्र दिला. म्हणजे मराठीतला दृष्टांत, ज्याला मी नाकं मुरडत होते तोच! शूद्र माणसाला गुरू केलं म्हणून घरात रणकंदन झालं. आणि हीच बाई पुढे वज्रसूची मराठी अभंगात आणते. वज्रसूची म्हणजे एक संस्कृत ग्रंथ, ज्यात एकच प्रश्न आहे, ब्राह्मण म्हणजे नेमका कोण? आणि त्याचं उत्तर शोधायची रीत अगदी अन्नंभट्टाला आवडेल अशी आहे. जीव ब्राह्मण म्हणावा तर तोच जीव अनेक देहांतून जातो. मग देह? देह तर सगळ्यांचे त्याच पाच भुतांचे, म्हातारपण-मरण सगळ्यांना सारखं, आणि देहच ब्राह्मण असेल तर बापाच्या प्रेताला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्येचं पाप लागलं पाहिजे. जन्माने म्हणावं तर व्यास कोळणीचा, ऋष्यशृंग हरिणीचा, अगस्ती घड्यातला. ज्ञानाने म्हणावं तर ज्ञानी क्षत्रियही पुष्कळ झाले. प्रत्येक हेतू घ्यायचा, उजेडात धरायचा, तो व्यभिचारी निघाला की बाजूला टाकायचा.

ब्रह्महत्येचं ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायले. केवढं थंड डोकं आहे! शिवी नाही, शाप नाही, तुमच्याच घरचा अंत्यविधी तुमच्याच व्याख्येसमोर नेऊन ठेवलाय. आणि हे मूळ संस्कृतातलं एका मार खाणाऱ्या बाईने ओव्या-अभंगांच्या मराठीत आणून ठेवलं, जिला पाठशाळेत कुणी बसू दिलं नव्हतं. तिला स्वप्नातला दृष्टांत आणि उजेडातला दृष्टांत यातला एक निवडायची गरज पडली नाही. मला वाटतं ती गरज माझी होती, चार पानांच्या सिद्धांताची.

ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपतीचं जे रूपक आहे त्यात 'तर्कु तोचि फरशु' असं येतं, तर्क म्हणजे त्याच्या हातातली कुऱ्हाड. हे शाळेत पाठ होतं. पुढे चार ओव्यांनी 'संवादु तोचि दशनु, जो समता शुभ्रवर्णु' येतं हे मात्र मला आत्ता या वयात नीट दिसलं. संवाद हा त्याचा दात, आणि तो पांढरा कशाने, तर समतेने. कुऱ्हाड हातात घ्यायची वस्तू आहे, ठेवताही येते खाली. दात अंगाचाच.

असो, दादाकडे येते. ग्रुपवर पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण न्यायसूत्राच्या शेवटच्या अध्यायात निग्रहस्थानं दिलीत, बावीस, म्हणजे वादात तुम्ही हरलात हे ज्या ज्या जागी ठरतं त्या जागा, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यातल्या निदान सहा-सात दोन तासात गाठल्या. मी वाचनालयाचं म्हणत होते ते मधेच बायकांनी किती राबायचं यावर गेले, हे प्रतिज्ञांतर. दादा म्हणाला, तू तुझ्या लेकाच्या मुंजीत केवढा खर्च केलास, तेव्हा नाही सुचलं वाचनालय? हिला मतानुज्ञा म्हणतात, आपल्यावरचा आक्षेप न खोडता तो समोरच्यावर टाकायचा, म्हणजे आपल्यावरचा मान्यच केला. मी तेच तेच तिसऱ्यांदा लिहिलं, पुनरुक्त. आणि शेवटी दादाने लिहिलं, "मला ऑफिसचं काम आहे, नंतर बघू," आणि गप्प झाला. याला विक्षेप म्हणतात. काम आहे असं सांगून चर्चा मधेच तोडणे, अक्षरशः हीच व्याख्या आहे. मी फोन हातात घेऊन एकटीच हसले. त्या काळी पण लोकांना बरोबर त्याच वेळी काम निघायचं.

पण रात्री झोप येईना तेव्हा एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. दादाने विचारलेला हेतू, पोटातला, तो होता. वाटणीचा नव्हता. अण्णांचा पक्ष दर वर्षी दादाने घालायचा कारण तो मुलगा आहे, आणि अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांची पाठ पुसण्यापासून सगळं मी केलं तरी त्या दिवशी मी फक्त दर्भ शोधून द्यायचे आणि पाटाच्या मागे उभं राहायचे. पक्ष साधा करू या असं लिहिताना हे माझ्या पोटात नव्हतं असं कोणत्याही प्रतिज्ञापत्रावर मी लिहून देणार नाही. दादाला ते कळलं होतं, किंवा काहीतरी कळलं होतं आणि त्याने त्याला वाटणीचं नाव दिलं. माझी दोन कारणं त्यामुळे खोटी ठरत नाहीत, धूर धूरच आहे. पण तो डोंगर माझा होता हेही आहे.

सकाळी दादाला फोन केला. मेसेज नाही, फोन. वाद कुणाबरोबर करावा याचं एक सूत्र आहे, शिष्य, गुरू, बरोबर शिकणारे, श्रेयाची इच्छा असलेले, आणि पुढे एक शब्द, अनसूयिभिः, ज्यांच्या मनात असूया नाही असे. मी आणि दादा एकाच आजोबांकडे पाढे शिकलो, तेव्हा बरोबर शिकणारे तरी नक्की. असूयेचं काय ते बघू म्हटलं. मी त्याला पोटातला हेतू सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे आधी सांगायचंस की, वाचनालय कशाला मधे आणलंस?" आणि मग, "ये तू. तू बस पाटावर. गुरुजी काय म्हणतील ते मी बघतो."

वाचनालय राहूनच गेलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. हरले म्हणायचं का मी? कुठलं निग्रहस्थान हे, सरांना विचारलेलं नाही अजून.

पक्षाच्या आदल्या दिवशी आई, मी आणि दादा त्याच्या गाडीतून निघालो. गाव पसरणी घाटाच्या वर आहे. वाई ओलांडली, घाट सुरू झाला. सप्टेंबर, सगळं हिरवं आणि वरून धुक्याचे लोट खाली येत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर लांब वर, झाडीच्या कडेला पांढरं काहीतरी वर चढताना दिसलं. धूर का धुकं? आमच्या वर्गात हा प्रश्न एक अख्खा शनिवार चालला होता, लांबून वाफ धुरासारखी दिसली तर त्या हेतूचं काय करायचं.

"धुकं असेल," मी म्हटलं.

"धूर आहे," आई म्हणाली. "धुकं खाली येतंय सगळीकडे, हे वर चाललंय."

वळण घेऊन वर आलो तर निळ्या ताडपत्रीखाली एक मावशी मक्याची कणसं घेऊन बसल्या होत्या. समोर शेगडी, तिच्यात कोळशावर चार लाकडं खुपसलेली आणि धूर असा की मावशी दिसेनात. विस्तव म्हणावा तर तळाला जरासा लाल. दादाने गाडी बाजूला घेतली. आई उतरली, पदराने तोंड झाकत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, लाकडं ओली आहेत तुमची. म्हणून एवढा धूर."

मी दादाकडे बघितलं. त्याला काहीच कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मावशी पंख्याने वारा घालत होत्या, डोळे पुसत होत्या, रात्रभर पाऊस होता ताई, कुठे वाळवायची, असं म्हणत होत्या. दहा मिनिटांनी कणसं हातात आली, अर्धी काळी, लिंबू-मीठ-तिखट चोळलेली. दादाने पहिला घास घेतला, थोडा थांबला.

"मिठाचं प्रमाण जरा जास्त झालंय," म्हणाला.